बारमाही वनविहार : नांदगावच्या उंबरठ्यावरील गौताळा–औट्रमघाट

नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्याचे नाव निघाले की अवर्षण, टँकर आणि मनमाडचे मोठे रेल्वे जंक्शन या गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. वनविहारासाठी कोणी नांदगावला जावे, ही कल्पना त्यामुळे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच नांदगाव प्रवाशांचे महत्त्वाचे उतरण्याचे ठिकाण होते. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग तयार झाला. परंतु मनमाडहून औरंगाबादकडे जाणारा फाटा १९०० च्या सुमारास सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी पाहू इच्छिणाऱ्यांना नांदगाव स्थानकावर उतरून टांग्याने सातमाळ्याची डोंगररांग ओलांडावी लागे. नवा फाटा सुरू झाला आणि नांदगावचा हा मान गेला. डोंगर मात्र होते तेथेच आहेत.

या डोंगरांच्या पूर्वेकडील भागात, कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांच्या सीमेवर, गौताळा–औट्रमघाट अभयारण्य पसरलेले आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा मोठा हिस्सा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असून उर्वरित जळगाव जिल्ह्यात आहे. नांदगाव ते चाळीसगाव हे रेल्वेचे अंतर सुमारे ४० किलोमीटर, आणि चाळीसगावपासून अभयारण्याच्या पायथ्याशी असलेले पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर. म्हणजे नांदगावच्या शाळेतील विद्यार्थी सकाळी निघून सायंकाळी घरी परत येऊ शकतो. वर्षाच्या बाराही महिन्यांत काही ना काही दाखविणारे असे वनक्षेत्र हाताच्या अंतरावर असताना त्याचा उपयोग कसा करावा आणि उपयोग करताना त्याचे रक्षण कसे करावे, हा विचार या परिसरातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी करण्यासारखा आहे.

उद्यान आणि अभयारण्य

पर्वतीय प्रदेशातील वनक्षेत्र लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखून ठेवण्याची कल्पना अमेरिकेत प्रथम रुजली. १८६४ मध्ये योसेमिटीचे खोरे कॅलिफोर्निया राज्याकडे सार्वजनिक उपयोगासाठी सोपविण्यात आले. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नायगारा धबधब्याभोवतालची जमीन ताब्यात घेऊन तेथे राज्य उद्यान निर्माण केले. पुढे अशी राज्य उद्याने त्या देशात सर्वत्र झाली. उन्हाळ्यात पदभ्रमण व तंबूनिवास, शरद ऋतूत रंग पालटणारी पाने, हिवाळ्यात बर्फावरील खेळ असा तेथील बारमाही कार्यक्रम असतो. या उद्यानांचा मुख्य हेतू माणसाला निसर्गात मोकळेपणा मिळावा हा होय.

आपल्याकडील अभयारण्याचा हेतू याहून वेगळा आहे आणि हा भेद प्रारंभीच ध्यानात घेणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्य घोषित होते ते वन्य प्राणी व त्यांचे पर्यावरण यांच्या संरक्षणासाठी. त्यात प्रवेश कोणास मिळावा हे अधिनियमाच्या कलम २७ मध्ये सांगितले आहे. कर्तव्यावर असलेला लोकसेवक, अभयारण्यात स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारा वाटसरू आणि रीतसर परवाना मिळालेली व्यक्ती, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो हे कलम २८ सांगते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, तेथे राहणाऱ्यांशी वैध व्यवहार आणि पर्यटन ही ती कारणे होत. पर्यटनास कायद्याने जागा दिली आहे, पण ती पाहुण्याची जागा आहे. घरधनी वन्यप्राणी आहेत. पाहुण्याने घरच्या रीतीप्रमाणे वागावे, एवढेच कायद्याचे म्हणणे आहे.

डोंगराची घडण

गौताळ्याचे सौंदर्य आणि त्याचे धोके, दोन्ही समजण्यासाठी डोंगराची घडण जाणून घ्यावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. सातमाळा–अजिंठा रांग ही याच काळ्या पाषाणाची आहे. तिची उत्तरेकडील बाजू खानदेशाच्या सपाटीवर भिंतीसारखी उभी राहते, तर दक्षिणेकडील बाजू पठाराच्या रूपाने हळूहळू उतरत जाते. उत्तरेचे पाणी तितूर, डोंगरी यांसारख्या नद्यांवाटे गिरणेस आणि तेथून तापीस मिळते. दक्षिणेचे पाणी शिवना, पूर्णा यांच्या वाटे गोदावरीकडे जाते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब पश्चिमेस अरबी समुद्राकडे आणि दुसरा पूर्वेस बंगालच्या उपसागराकडे जावा, अशी ही सीमारेषा आहे. भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात फळ्यावर काढलेली जलविभाजक रेषा विद्यार्थ्यांना येथे पायांखाली अनुभवता येते.

उत्तरेकडील तुटलेल्या कड्यांमुळेच येथे धबधबे निर्माण झाले. पाटणादेवीच्या परिसरातील केदारकुंड आणि धवलतीर्थ हे त्यांतील प्रसिद्ध होत. कड्याच्या कठीण थराखालील मऊ थर झिजून कपारी झाल्या, आणि अशाच एका दरीच्या कातळात पितळखोऱ्याची लेणी कोरली गेली.

वन येथे शुष्क पानझडीचे आहे. साग, अंजन, सालई, धावडा, खैर, टेंभुर्णी, पळस, बेल आणि सीताफळ ही झाडे विशेषेकरून आढळतात. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, नीलगाय, रानडुक्कर, भेकर, साळिंदर आणि वानर हे येथील रहिवासी. मोर तर सर्वत्र दिसतो. २०२१ च्या मार्च महिन्यात अनेक दशकांनंतर या अभयारण्यात पट्टेदार वाघ आल्याची नोंद स्वयंचलित कॅमेऱ्याने केली. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील असल्याचे ओळखता आले. सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर ३०० किलोमीटरहून अधिक भरते. शेते, रस्ते आणि गावे ओलांडून एक वाघ येथवर पोहोचला, याचा अर्थ मधल्या ओढ्यानाल्यांतील आणि टेकड्यांवरील झाडी अजून काही प्रमाणात शिल्लक आहे. गावाच्या शिवारातील लहानशा राईचे मोल यावरून कळून यावे.

ऋतूंप्रमाणे वनदर्शन

बारमाही विहार याचा अर्थ बाराही महिने सर्व ठिकाणी जावे असा नव्हे. प्रत्येक ऋतूस त्याची जागा आहे आणि तिची निवड योग्य झाली तर प्रवास सुखाचा व सुरक्षित होतो.

पावसाळा हा गर्दीचा काळ. आषाढ–श्रावणात डोंगर हिरवा होतो, कड्यांवरून पाणी कोसळू लागते आणि सुटीच्या दिवशी पाटणादेवीकडे वाहनांची रीघ लागते. धबधबा दुरून पाहण्यासाठी हा उत्तम काळ असला तरी कुंडात उतरण्यासाठी तो सर्वांत वाईट काळ होय. डोंगरावर, डोळ्यांआड, पाऊस कोसळला की खालच्या ओढ्याचे पाणी अल्पावधीत वाढते. कुंडाच्या काठचा काळा दगड शेवाळाने निसरडा असतो आणि पाण्याची खोली वरून कळत नाही. शाळेच्या सहली या काळात पायथ्याच्या मंदिरपरिसरापुरत्या ठेवणे शहाणपणाचे ठरते.

पाऊस ओसरल्यानंतरचे भाद्रपद–आश्विनाचे दिवस अभ्यासकास विशेष मोलाचे असतात. पठारावरील गवत कमरेइतके वाढलेले असते. रानफुले, फुलपाखरे आणि कोळी यांची विविधता या काळात सर्वाधिक दिसते. आश्विनात नवरात्र येते आणि पाटण्याच्या चंडिकादेवीच्या दर्शनास भाविकांची मोठी गर्दी होते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नवरात्राचे दिवस टाळून त्याच्या आधी वा नंतर यावे हे बरे.

कार्तिकापासून माघापर्यंतचा हिवाळा पायी भटकंतीसाठी सर्वोत्तम आहे. हवा कोरडी व थंड, वाटा स्वच्छ, आकाश निरभ्र. गौताळा तलावावर पाणपक्षी उतरतात. पक्षिनिरीक्षणासाठी सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास निवडावेत. दुर्बीण नसली तरी चालते. शांत बसण्याची तयारी मात्र हवी. पितळखोरा, पाटण्याचे मंदिर आणि डोंगरवाटा यांचा एकत्रित कार्यक्रम याच काळात आखावा.

उन्हाळ्यात जंगल ओसाड दिसते, पण ते मृत नसते. फाल्गुनात पळस फुलतो, चैत्रात अंजनाला तांबूस पालवी फुटते, वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. पानगळ झाल्यामुळे दृष्टी दूरवर जाते आणि पाणी मोजक्याच ठिकाणी उरल्याने प्राणी पाणवठ्यावर येतात. राज्यातील अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद करण्याची प्रथा आहे. वन विभागाकडे आगाऊ नाव नोंदवून नागरिकांनाही तीत भाग घेता येतो. एरवी उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ थांबू नये. तहानलेले जनावर माणसाच्या वासाने माघारी फिरते आणि त्यास दुसरे पाणी कोसभर दूर असते.

इतिहासाचा ठेवा

येथील वनविहारास इतिहासाचीही जोड मिळते. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झाला. चैत्यगृह, विहार, प्रवेशाजवळील दगडी हत्तींची रांग यांवरून त्यांचे वैभव ध्यानात येते. येथील एका शिलालेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या दानाचा उल्लेख आहे. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरलेले असून ती मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवण्यात आली आहे. पैठणहून खानदेशाकडे उतरणाऱ्या व्यापारी मार्गालगत ही लेणी होती, आणि मार्गावरील व्यापाऱ्यांनी त्यांस आश्रय दिला. लेण्यांसमोरून ओढा वाहतो. पावसाळ्यात त्याचे पाणी वाढले की वाट अडते. पठारावरून कन्नडकडून तेथवर रस्ता येतो व पुढे पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते.

डोंगराच्या पायथ्याशी, पाटणे या गावाजवळ, बाराव्या शतकातील महादेवाचे मंदिर आहे. निकुंभ घराण्यातील मांडलिकांच्या काळातील हे शिल्पसमृद्ध मंदिर आज संरक्षित स्मारक आहे. पाटण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात येथील एक शिलालेख उजेडात आणला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चंगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याचे आणि त्यास तेराव्या शतकाच्या आरंभी दान मिळाल्याचे त्यात नमूद आहे. गणिताच्या अध्यापनासाठी राजाश्रयाने चाललेली ही संस्था आजच्या जळगाव जिल्ह्यातील या डोंगरकुशीत होती. गणिताच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांस एकदा तरी येथे आणावे, इतके हे स्थळ योग्यतेचे आहे.

अभयारण्याच्या नावातील ‘औट्रम’ हा शब्द जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून आला. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याच्याकडे होते. चाळीसगाव आणि कन्नड यांना जोडणारा घाट त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. लोकांच्या तोंडी तो कन्नडचा घाट आहे.

डोंगर बोलतो तेव्हा

३०–३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री या डोंगररांगेवर अतिवृष्टी झाली. कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली. तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहराच्या काही भागांत व नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, जनावरे वाहून गेली आणि पिकांची हानी झाली. घाटातील वाहतुकीची कोंडी हाही दीर्घकाळचा प्रश्न होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार अवजड वाहनांना या घाटातून मनाई करण्यात आली.

इतक्या मोठ्या पावसापुढे कोणतेही जंगल पूर पूर्णपणे रोखू शकत नाही, हे खरे. परंतु गवत व झाडी असलेल्या उतारावर पाण्याचा वेग मंदावतो, माती धरली जाते आणि पाण्याचा काही अंश जमिनीत मुरतो. उघड्या बोडक्या उतारावरून तेच पाणी माती व दगड घेऊन धावते. एरवीच्या वर्षी हाच मुरलेला अंश हिवाळ्यात ओढ्यांना आणि विहिरींना पाझरत राहतो. नांदगाव, चाळीसगाव, कन्नड हे तिन्ही तालुके पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावणारे आहेत. त्यांच्या दृष्टीने डोंगरावरील झाडी हा शोभेचा प्रश्न नसून विहिरीच्या पाण्याचा प्रश्न आहे. वनविहाराची गर्दी त्या झाडीस बाधक ठरणार असेल तर विहाराची किंमत खालच्या गावांना मोजावी लागेल.

वणवा, चराई आणि कचरा

या वनास तीन गोष्टींपासून धोका संभवतो. पहिला वणव्याचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत पठारावरील गवत वाळून कोळ झालेले असते. विडीचे थोटूक, वनभोजनाची न विझविलेली चूल किंवा नवीन चारा लवकर फुटावा म्हणून मुद्दाम लावलेली काडी, यांपैकी एकही कारण पुरे होते. वणव्यात मोठी झाडे बहुधा तगून राहतात. जळतात ती रोपे, जमिनीवरील घरटी, सरपटणारे प्राणी आणि मातीवरील पालापाचोळ्याचे आच्छादन. म्हणजे उद्याचे जंगल जळते. अधिनियमाच्या कलम ३० अन्वये अभयारण्यात आग लावणे किंवा पेटती ठेवणे हा अपराध आहे.

दुसरा धोका अनिर्बंध चराईचा. गुरांचे खूर रोपे तुडवितात आणि गुरांचे रोग वन्यप्राण्यांना लागतात. यासाठीच अभयारण्याच्या परिसरातील गुरांना लस टोचण्याची तरतूद कायद्यात आहे. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या घोषणा मात्र वैरणीची सोय झाल्यावाचून टिकत नाहीत. गवत कापून नेण्याची रीतसर मुभा, बांधावरील चाऱ्याची झाडे आणि गोठ्यात बांधून खाऊ घालण्याची पद्धत या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गुराख्याचा संसार आणि जंगल दोन्ही चालतात.

तिसरा धोका कचऱ्याचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलेले अन्न टाकले की वानर, नीलगाय व गावातील गुरे ती पिशवीसह खातात. वानरांना खाऊ घालण्याची सवय प्रेमापोटी लागते. पण त्यामुळे वानर माणसाच्या हातावर झडप घालू लागते आणि पुढे शेतात उतरते. कलम २७ मध्ये प्राण्यांना छेडणे आणि अभयारण्यात कचरा टाकणे या दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई आहे.

वन्यप्राणी सीमारेषा ओळखत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणा काठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि वर्षअखेर त्या बिबट्यास ठार करावे लागले. ऊस आणि केळीच्या बागा बिबट्यास जंगलासारख्याच लपण्याच्या जागा वाटतात. सायंकाळनंतर मुलांनी एकटे शेतात न जाणे, उघड्यावर न झोपणे, गोठा बंदिस्त ठेवणे आणि बिबट्या दिसताच जमाव न करता वन विभागास कळविणे, ही काळजी घेतल्यास बहुतेक अनर्थ टळतात. ज्या गावाने ही भीती सोसली आहे त्या गावाला केवळ ‘प्राण्यांवर प्रेम करा’ असे सांगून भागत नाही. पशुधनाची हानी झाली असता पंचनामा वेळेवर व्हावा आणि नुकसानभरपाईचा अर्ज अडून राहू नये, याकडे ग्रामपंचायतीने लक्ष पुरविले तर वनसंरक्षणाचे अर्धे काम झाले असे समजावे.

पंचायतींचे कार्य

अभयारण्यात राहणाऱ्या व्यक्तीवर कायद्याने काही कर्तव्ये सोपविली आहेत. वन्यजीवविषयक अपराध होऊ न देणे, झालेल्या अपराधाचा शोध लावण्यास साह्य करणे, मृत वन्यप्राणी आढळल्यास कळवून त्याचे अवशेष सुरक्षित ठेवणे आणि आग लागल्यास ती विझविणे ही त्यांपैकी प्रमुख होत. ग्रामसभेत ही कर्तव्ये एकदा वाचून दाखविली तर पुष्कळ गैरसमज दूर होतील.

कर्तव्यांबरोबर लाभही आला पाहिजे. संरक्षित क्षेत्रांच्या परिसरातील गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या स्थापन करून त्यांच्यामार्फत स्वयंपाकाचा गॅस, गोठे, जलसंधारण, शेतीचे कुंपण इत्यादी कामे करण्याचे धोरण राज्य शासनाने स्वीकारले आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ मध्ये याच हेतूने हाती घेण्यात आली. पर्यटकांची वाट दाखविणारा, वाहनतळ सांभाळणारा, भाकरी-पिठल्याचे जेवण देणारा माणूस गावातील असावा. तसे झाल्यास पर्यटकाने टाकलेला कचरा गावाला खटकू लागतो आणि वणव्याची पहिली खबर गावच देतो. उलट, पैसा शहरातील वाहनमालकास व कचरा गावास, अशी वाटणी झाली तर गावाला जंगलाविषयी आस्था उरत नाही.

प्रवेशाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि धबधब्याजवळ धोक्याची सूचना देणारा मराठीतील ठळक फलक, एवढ्या तीन सोयी केल्या तरी अपघात व घाण यांस बराच आळा बसेल. पर्यटकांस सेवा देऊन मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा काढण्यासाठी व पाणवठे स्वच्छ करण्यासाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेस करता येईल.

नांदगावहून सहल कशी आखावी

एक दिवसाच्या सहलीसाठी सकाळच्या गाडीने चाळीसगाव गाठून तेथून वाहनाने पाटणादेवीस जावे. महादेवाचे मंदिर, चंडिकादेवीचे स्थान आणि त्यालगतची वनवाट एवढा कार्यक्रम एका दिवसास पुरेसा आहे. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी घाट चढून कन्नडच्या बाजूस हिवरखेड्याकडून अभयारण्यात प्रवेश करावा आणि गौताळा तलाव व पितळखोरा पाहावे. निघण्यापूर्वी घाटरस्त्याची स्थिती, प्रवेशाच्या वेळा व शुल्क यांची चौकशी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात करावी. पावसाळ्यात व वणव्याच्या काळात काही वाटा बंद ठेवल्या जातात. तो निर्णय प्रवाशांच्या हिताचा असतो.

शिक्षकांनी मोठ्या सहलीऐवजी लहान गट न्यावेत. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक व एक स्थानिक वाटाड्या असावा. गणवेषाचा भडक रंग, ध्वनिक्षेपक आणि फटाके टाळावेत. विद्यार्थ्याच्या हाती वही द्यावी व पाच झाडे, पाच पक्षी आणि तीन प्रकारचे दगड यांची नोंद करण्यास सांगावे. नेलेल्या डब्याचा कागदही परत आणण्याचा नियम मुले मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, असा अनुभव अनेक शाळांना येतो.

ज्या शाळांना इतके दूर जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी जवळच पर्याय आहेत. मनमाडजवळील अंकाई–टंकाईची जोडगोळी, टंकाईच्या उतारावरील जैन लेणी, येवला तालुक्यातील ममदापूर येथील काळविटांचे संवर्धन क्षेत्र आणि नांदगाव तालुक्यातच पांझण येथे १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणाचा जलाशय ही एका दिवसात पाहून होणारी ठिकाणे होत. सातमाळ्याचा पश्चिमेकडील भाग पाहून मग पूर्वेकडील गौताळ्यास गेल्यास एकाच डोंगररांगेची दोन रूपे विद्यार्थ्यांना ताडून पाहता येतील. अंकाईच्या उघड्या कड्यांवर पाणी टाक्यांत साठविले गेले; गौताळ्यात ते झाडांच्या मुळांशी साठते.

वनात जाणाऱ्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत जाणार, हे उघड आहे. रस्ते सुधारले, वाहने वाढली आणि शहरांतील माणसाला मोकळ्या हवेची ओढ लागली. ही ओढ निरोगी आहे. तिला बंदीने आवर घालण्यापेक्षा शिस्तीचे वळण लावणे इष्ट ठरेल. ते वळण प्रवेशद्वारावरील वनरक्षक एकटा लावू शकणार नाही. गर्दीचा भार कोणत्या ऋतूत कोठे जावा हे अधिकाऱ्याने ठरवावे, तेथे कसे वागावे हे शिक्षकाने शिकवावे आणि त्याचा लाभ गावात राहील हे पंचायतीने पाहावे. तिघांनी आपापला वाटा उचलल्यास पावसाळ्यात धबधबा, हिवाळ्यात पाखरे आणि उन्हाळ्यात फुललेला पळस दाखविणारा हा डोंगर खालच्या तीन तालुक्यांच्या विहिरींना पाणीही पुरवीत राहील.